हम्बोल्टची पोरं

कॅनडातल्या ज्युनिअर हॉकीत, म्हणजे बर्फावरच्या आइस हॉकीत, पोरगा विसाचा झाला की तो संघातला सगळ्यात जुनाजाणता. सोळाव्या-सतराव्या वर्षी बॅग उचलून परक्या गावात येतो, दोन-तीन हंगाम खेळतो आणि विसाव्या वर्षीचा हंगाम संपला की नियमानेच त्याची ज्युनिअर हॉकी संपते. पुढे कुणाला अमेरिकेतल्या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते, कुणी कॅनडातल्याच विद्यापीठाकडून खेळतो, एखाददुसरा नशीबवान व्यावसायिक संघापर्यंत पोचतो. बाकीचे वडिलांची शेती बघतात, वायरमन होतात, शाळेत शिकवतात. संघ जागच्या जागी असतो, पण दर तीन-चार वर्षांनी त्यातले खेळाडू झाडून सगळे बदललेले असतात.

मग अशा संघाचा इतिहास सांगायचा तर कुणाचा सांगायचा? चषकांची यादी देता येईल, पुढे मोठं नाव कमावलेल्यांचे फोटो लावता येतील. मी इथे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात राहायला लागल्यापासून माझं मत असं झालंय की तो इतिहास त्या गावाचाच असतो. पोरं येतात, जातात. दर ऑगस्टमध्ये नवी पोरं घरात घेणारं गाव तेवढं तेच असतं.

मी हे म्हणते ते हम्बोल्ट ब्रॉन्कोज या संघामुळे. या संघाचं नाव जगाला कळलं ते ६ एप्रिल २०१८ च्या बस अपघातामुळे, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पण त्या संध्याकाळच्या आधी या संघाला जवळजवळ अर्धं शतक झालं होतं. त्या अर्ध्या शतकाबद्दल आपल्याकडे कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून सुरुवात तिथून करते.

मी राहते त्या सॅस्कटून शहरातून पाच नंबरचा हायवे धरून पूर्वेला शंभर-एकशेदहा किलोमीटर गेलं की हम्बोल्ट लागतं. वाटेत सपाट जमीन. जुलैत कनोलाची (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) पिवळीधमक शेतं, ऑक्टोबरनंतर नुसता पांढरा रंग. लोकवस्ती सहा हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कुणी शहर म्हणणार नाही, इथे कागदोपत्री ते शहर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन बोलणारे कॅथलिक शेतकरी बेनेडिक्टाइन साधूंच्या पुढाकाराने इथे वसले. गावाला नाव मिळालं ते अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन संशोधकाचं. गहू, कनोला, आसपासच्या पोटॅशच्या (खतासाठी लागणाऱ्या खनिजाच्या) खाणी, शेतीची अवजारं बनवणारे कारखाने यांवर इथलं पोट चालतं. जानेवारीत पारा उणे तीसच्या खाली जाणं ही इथे बातमी नसते.

अशा थंडीत, संध्याकाळी पाचला अंधार पडल्यावर, माणसाने जायचं कुठे? चर्चमध्ये किंवा रिंकवर, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानावर. रिंकवर आजोबा असतात, चार महिन्यांचं बाळ असतं, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही असे शेजारीही असतात. हम्बोल्टच्या रिंकचं नाव एल्गर पीटरसन अरीना. गावच्या हॉकीसाठी झटलेल्या माणसाचं नाव त्याला दिलेलं आहे. बसायची सोय साधारण अठराशे लोकांची. सहा हजारांच्या गावात अठराशे खुर्च्या हे प्रमाण लक्षात घेतलं की संघाचं गावातलं स्थान समजतं. गावाला हॉकीचा वारसा आधीपासून होता. ग्लेन हॉल हा सलग ५०२ सामने गोलपोस्टसमोर उभा राहिलेला, तेही तोंडावर मुखवटा न घालता, तो गोलरक्षक जन्मला इथलाच.

ब्रॉन्कोज संघ १९७० चा. तो खेळतो सस्कॅचेवान ज्युनिअर हॉकी लीगमध्ये. ही लीग त्याच्या दोनच वर्षं आधीची, १९६८ ची. लीगमधले बाकीचे संघ निपाविन, मेलफर्ट, एस्टेव्हन, वेबर्न, ला रोंज, फ्लिन फ्लॉन अशा गावांचे. यातली बरीच गावं हम्बोल्टएवढी किंवा त्याहून लहान. फ्लिन फ्लॉनला जायचं तर चारशेहून जास्त किलोमीटर, एका बाजूचे. म्हणजे या खेळात जेवढा वेळ बर्फावर जातो त्याच्या कितीतरी पट बसमध्ये जातो. पोरं बसमध्येच अभ्यास करतात, झोपतात, पत्ते खेळतात, फोनवर भांडतात. जिंकून परतताना गाणी, हरून परतताना शांतता. सामना संपल्यावर रात्री साडेदहाला निघालेली बस पहाटे गावात पोचते आणि शाळेत जाणाऱ्यांना सकाळी शाळा असते.

हा संघ कुणा एका मालकाचा नाही, गावाचा आहे. गावातली माणसं मंडळावर निवडून येतात आणि बिनपगारी काम करतात. दारावर तिकिटं फाडणारे, गुणफलक चालवणारे, कँटीनमध्ये बटाट्याच्या चिप्सवर ग्रेव्ही ओतणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. गावातला विमा एजंट, ट्रॅक्टरचा डीलर, दंतवैद्य यांच्या जाहिराती रिंकच्या फळ्यांवर असतात, आणि त्यांना त्यातून धंदा किती मिळतो हा प्रश्न कुणी विचारत नाही.

पण गावाने संघ चालवणं म्हणजे काय, ते मला खरं कळलं ते बिलेट घरांबद्दल ऐकून. बाहेरगावाहून आलेला प्रत्येक खेळाडू गावातल्या एखाद्या कुटुंबात राहतो. ते बिलेट कुटुंब. संघाकडून त्यांना महिन्याला थोडेफार पैसे मिळतात, पण वाढत्या वयाच्या खेळाडूच्या भुकेपुढे ते किती पुरणार! माझ्या ऑफिसात एक बाई आहेत, निवृत्तीला आलेल्या. त्यांचं माहेर अशाच एका हॉकीवेड्या गावात. त्यांच्या आईकडे दरवर्षी दोन पोरं असायची. त्या सांगत होत्या, चार लिटरचा दुधाचा कॅन सकाळी उघडला की संध्याकाळपर्यंत रिकामा. मागच्या दारापाशी, जिथे बर्फाचे बूट काढतात, तिथे दोन अजस्र हॉकी बॅगा उघड्या पडलेल्या, त्यातलं सामान वाळायला हीटरसमोर पसरलेलं, आणि त्या घामाचा वास मार्चपर्यंत घरातून जायचा नाही. फ्रिजवर सामन्यांचं वेळापत्रक. रात्री अकराच्या आत घरी यायचं, ताट आपलं आपण धुवायचं, सकाळी दारातलं बर्फ फावड्याने काढायचं, हे आईचे नियम. मैत्रिणीने नाही म्हटलं म्हणून रात्रभर स्वयंपाकघरात बसलेल्या पोराला आईने पहाटे तीनला पॅनकेक करून घातले होते. तो आता आजोबा झालाय, आणि आईच्या अंत्यविधीला बाराशे किलोमीटर गाडी चालवून आला होता.

हे ऐकताना मला माझे पणजोबा आठवले. ते कोकणातून पुण्याला शिकायला आले आणि वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. शिकून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या घरी दोन मुलांचे वार लावले. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जायची, आणि माझ्या पिढीपर्यंत येता येता ती फक्त गोष्टच उरली होती. इथे प्रेअरीवर, या सपाट गवताळ मुलखात, माझ्याशी काहीही नातं नसलेल्या लोकांत, ती रीत रोजच्या व्यवहारात चालू असलेली मी पाहिली. फरक एवढाच की इथे पोरगा एकाच घरी राहतो आणि हॉकी खेळतो. परक्याचं पोर आपल्या पानावर बसवायचं, त्याच्या आईला रात्री फोन करून 'जेवलाय, झोपलाय, काळजी करू नका' म्हणायचं, हे तसंच.

यशही या संघाच्या वाट्याला भरपूर आलं. कॅनडाचा राष्ट्रीय ज्युनिअर 'ए' किताब ब्रॉन्कोजने दोनदा जिंकला. २००३ मध्ये देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या शार्लटटाऊनमध्ये, अंतिम सामन्यात कॅमरोज कोडिअॅक्सना ३-१ ने हरवून. २००८ मध्ये ऑन्टॅरिओतल्या कॉर्नवॉलला पुन्हा त्याच कॅमरोजला १-० ने. त्याच्या पुढच्या वर्षीही ते अंतिम फेरीत होते, तिथे व्हर्ननकडून हरले. २०१२ ची राष्ट्रीय स्पर्धा तर हम्बोल्टनेच भरवली. सहा हजारांच्या गावाने देशभरातले संघ, त्यांचे पालक, पत्रकार सगळ्यांची सोय केली. एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, सेंट लुईस ब्लूजकडून खेळलेला केली चेस याच संघातून पुढे गेला. यावर फार लिहीत नाही. चषक अरीनात मांडलेले आहेत, ज्याला बघायचे त्याने बघावेत.

२०१५ मध्ये डार्सी हॉगन प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी पोरांसाठी एक करारनामा तयार केला होता. त्यात पहिली ओळ होती ती कुटुंबाची: कुटुंब आधी. मग इतरांचा मान राखणं, ब्रॉन्कोजची जर्सी घालायला मिळाली याबद्दल कृतज्ञ असणं, प्रामाणिकपणा. सामने कसे जिंकायचे याबद्दल त्यात फारसं नाही. सतरा-अठरा वर्षांची पोरं महिनोन्‌महिने ज्याच्या हाती असतात त्या माणसाने पहिली ओळ कोणती लिहावी, याला माझ्या लेखी मोठं महत्त्व आहे. का, ते थोड्या वेळाने सांगते.

२०१८ च्या एप्रिलमध्ये ब्रॉन्कोज उपान्त्य फेरीच्या सामन्यांच्या मालिकेत निपाविन हॉक्सकडून ३-१ ने मागे होते. आणखी एक हार म्हणजे हंगाम संपला. प्लेऑफसाठी, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांसाठी, पोरांनी मिळून केस पिवळे रंगवले होते. इथे बरेच संघ असा काहीतरी उद्योग करतात. शुक्रवार, ६ एप्रिल. पाचव्या सामन्यासाठी बस निपाविनला निघाली. बसमध्ये २९ जण. पस्तीस नंबरच्या हायवेवरून उत्तरेला जाताना, टिस्डेलच्या पुढे, जिथे ३३५ नंबरचा रस्ता आडवा येतो तिथे, संध्याकाळी पाचच्या सुमाराला पीट मॉसचे (बागेच्या मातीत घालायच्या शेवाळाचे) गठ्ठे भरलेला जोड-ट्रेलरचा ट्रक थांब्याची पाटी ओलांडून चौकात आला. पाटीवर लाल दिवा लुकलुकत होता. ट्रकचा वेग ताशी नव्वदच्या आसपास होता. बसच्या चालकाने ब्रेक दाबले, पण अंतर उरलं नव्हतं.

सोळा जण गेले. दहा खेळाडू, हॉगन आणि त्यांचे साहाय्यक, बसचालक, संघाची थेरपिस्ट (बसमधली एकटीच मुलगी), रेडिओवर सामन्याचं वर्णन करणारा निवेदक आणि आकडेवारी ठेवणारा अठरा वर्षांचा स्वयंसेवक. तेरा जण वाचले, त्यातल्या काहींना पुन्हा चालता आलं नाही, काहींना बोलणं नव्याने शिकावं लागलं.

सामना बघायला गेलेले पालक निपाविनच्या एका चर्चमध्ये रात्रभर बातमीची वाट बघत बसले. सॅस्कटूनच्या हॉस्पिटलकडे येणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज त्या रात्री आमच्या घरी ऐकू येत होता, पण त्याचं कारण तेव्हा आम्हाला कळलेलं नव्हतं. पुढे जे बाहेर आलं ते मला आजही सहन होत नाही. सगळ्यांचे केस एकाच रंगाचे, वय तेच, बांधा तोच, चेहरे सुजलेले. ओळख पटवताना दोन पोरांची अदलाबदल झाली. एका घरच्यांना सांगितलं गेलं की तुमचा मुलगा गेला, दुसऱ्या घरचे हॉस्पिटलात खाटेशी बसले आपला मुलगा वाचला म्हणून. सोमवारी कळलं की खाटेवरचा मुलगा त्यांचा नाही. त्या दोन्ही कुटुंबांनी त्यावर एकमेकांबद्दल किंवा डॉक्टरांबद्दल एक कडवट शब्द जाहीरपणे काढलेला मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून देशभर लोक रात्री घराबाहेर पोर्चमध्ये हॉकी स्टिक ठेवू लागले, दिवा लावून. पोरांना कुठेतरी लागली तर, असं त्यामागे होतं. आमच्या गल्लीत हॉकीशी संबंध नसलेली फिलिपिनो, युक्रेनियन, नायजेरियन घरं आहेत. त्यांच्याही दारात स्टिक उभ्या होत्या. आमच्याकडे स्टिक नव्हती. शेजारच्या आजींनी त्यांची जास्तीची एक आणून दिली. लोकवर्गणीतून दीड कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली सगळ्या २९ कुटुंबांत वाटली गेली.

लेथब्रिजचा लोगन बुले नावाचा एकवीस वर्षांचा खेळाडू होता. एकविसाव्या वाढदिवसाला त्याने अवयवदानाच्या कार्डावर सही केली होती, अपघाताच्या जेमतेम महिनाभर आधी. त्याच्याकडून कसून व्यायाम करवून घेणारे एक प्रशिक्षक आदल्या वर्षी वारले, त्यांनी अवयव दिले होते, म्हणून याने ठरवलं. बुलेच्या अवयवांचा सहा जणांना उपयोग झाला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत कॅनडातल्या लाखभर लोकांनी अवयवदानासाठी नाव नोंदवलं. आता दरवर्षी ७ एप्रिलला त्याच्या आठवणीत लोक हिरवा शर्ट घालतात. मीही नोंदणी केली ती तेव्हाच. मुलाला सोबत बसवून केली.

आता प्रशिक्षकाच्या त्या पहिल्या ओळीबद्दल.

याच प्रांतात, याच टोपणनावाचा दुसरा एक ज्युनिअर संघ आहे. स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज, एक पायरी वरच्या लीगमधला. ३० डिसेंबर १९८६ ला त्यांची बस बर्फावरून घसरून उलटली आणि चार पोरं गेली. पुढे एनएचएलचा मोठा तारा झालेला जो सॅकिक त्या बसमध्ये होता, तेव्हा सतरा वर्षांचा. तेव्हा समुपदेशक आणायची गोष्ट निघाली, ती प्रशिक्षकाने हाणून पाडली. आपलं आपण बघू, बाहेरच्यांची गरज नाही. पोरं गप्प राहिली. अडीच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्या संघाने सॅस्कटूनमध्ये सॅस्कटूनलाच जादा वेळेत ४-३ ने हरवून मेमोरियल कप हा ज्युनिअर हॉकीतला सगळ्यात मोठा चषक जिंकला आणि सगळ्या देशाने ती दुःखावर मात केल्याची कहाणी म्हणून डोक्यावर घेतली. बाहेरचं कुणी पोरांशी एकांतात बोलू नये असं त्या प्रशिक्षकाला का वाटत होतं, ते दहा वर्षांनी कळलं. तो प्रशिक्षक, ग्रॅहम जेम्स, आपल्या खेळाडूंचं लैंगिक शोषण करत होता. १९९६ मध्ये त्या संघातला खेळाडू शेल्डन केनेडी पुढे आला आणि बोलला. १९९७ मध्ये जेम्सला शिक्षा झाली, नंतर आणखी खेळाडूंनी तोंड उघडलं आणि पुन्हा झाली.

ज्युनिअर हॉकीवर माया करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट सांगितली पाहिजे असं मला वाटतं. कारण ज्या रीतीचं मी वर एवढं कौतुक केलं, तिच्यातच ही जागा आहे. सोळा वर्षांचा पोरगा घरापासून लांब असतो. त्याला किती वेळ खेळायला मिळणार, पुढे कुठे जायला मिळणार, हे एकाच माणसाच्या हातात असतं. गाव त्या माणसाला जिंकून देतो म्हणून मान देतं. अशा वेळी पोराचं खरं रक्षण करणारं कुणी असेल तर ते बिलेट घर, शाळेतल्या बाई, मंडळावरची माणसं. ती डोळे उघडे ठेवून बसली तरच.

२०१८ च्या एप्रिलमध्ये शेल्डन केनेडी हम्बोल्टला आला. त्या १९८६ च्या बसमधले त्याचे साथीदार बॉब विल्की आणि पीटर सोबरलॅकही आले. आम्हाला कुणी बोलू दिलं नाही, तुम्ही बोला, एवढंच सांगायला ते आले होते. या वेळी समुपदेशक होते. वाचलेल्यांसाठी, गेलेल्यांच्या घरच्यांसाठी, सगळ्यात आधी पोचलेल्या अॅम्ब्युलन्सवाल्यांसाठी, आणि ज्यांच्या घरातली वरची खोली एकदम रिकामी झाली होती त्या बिलेट आई-वडिलांसाठीही. कायद्याच्या नात्याने ती माणसं कुणीच नव्हती. त्यांच्याकडे पोरांचे कपडे होते, अर्धवट वापरलेला शाम्पू होता, भिंतीवर चिकटवलेली पोस्टरं होती. पोराची खोली आवरायला आलेल्या सख्ख्या आईला चहा करून द्यायचं काम त्यांच्याकडे आलं. ३२ वर्षांत हॉकीने काही शिकलं असेल तर ते हे, की या दुःखावर त्या बिलेट घरच्यांचाही हक्क आहे हे कुणीतरी मान्य केलं.

ट्रक चालवणारा जसकिरत सिंग सिद्धू एकोणतीस वर्षांचा होता. पंजाबातून आलेला, बीकॉम झालेला, नुकतंच लग्न झालेला. कामाला लागून महिनाही झाला नव्हता. सुरुवातीचे दोन आठवडे मालकाबरोबर, मग एकटा. गठ्ठ्यांवरची ताडपत्री फडफडत होती, आरशात त्याचं लक्ष तिकडे होतं. त्याने सगळे २९ गुन्हे कबूल केले. माझ्यामुळे कुटुंबांना खटल्यातून जावं लागू नये, असं त्याने सांगितलं. मेलफर्टमधल्या एका जिममध्ये न्यायालय भरलं, कारण नेहमीच्या कचेरीत एवढी माणसं मावली नसती. आई-वडील, भाऊ-बहिणी, बिलेट कुटुंबं एकामागून एक उठून बोलली. काहींनी त्याला तिथल्या तिथे क्षमा केली, काहींनी कधीच करणार नाही असं सांगितलं. मार्च २०१९ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली.

चालकाचं नाव बातम्यांत आलं तेव्हा आमच्या मराठी, पंजाबी, गुजराती ओळखीतल्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला. आता आपल्याकडे कसं बघतील? माझ्यापुरतं सांगते, मला कुणी वावगं बोललं नाही. पण मी स्वतःच कितीतरी दिवस ऑफिसात त्या विषयावर मान वर करून बोलू शकत नव्हते. पुढे लक्षात आलं, आपण लाज वाटून घेतो त्यात प्रश्नाचा विचारच राहून जातो. त्या वेळी सस्कॅचेवानमध्ये असा अवजड ट्रक चालवायला सक्तीचं प्रशिक्षणच नव्हतं. परीक्षा द्या आणि निघा. मार्च २०१९ पासून किमान १२१ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. लांब पल्ल्याच्या नव्या बसमध्ये सीटबेल्ट सक्तीचे झाले सप्टेंबर २०२० पासून. त्या चौकात तर १९९७ मध्येच एका कुटुंबातली सहा माणसं गेली होती, त्यांचे सहा क्रूस तिथेच उभे होते. ट्रक आला त्याच बाजूच्या झाडांमुळे समोरचं दिसत नाही, हे २०१८ नंतरच्या अहवालात आलं. सिद्धू दोषी होता, त्याने ते स्वतः म्हटलं. पण रस्त्याने, नियमांनी आणि धंद्याच्या घाईने त्याला जिथे आणून ठेवलं तिथे दुसराही कुणी असता.

२०२३ मध्ये त्याला पूर्ण पॅरोल मिळाला आणि मे २०२४ मध्ये त्याला भारतात परत पाठवण्याचा हुकूम निघाला. कायद्याने ते ठरल्यासारखंच होतं. मला स्वतःला ते पटत नाही. शिक्षा न्यायालयाने दिली, ती त्याने पत्करली, मग ही दुसरी कशासाठी? पण आपल्या मुलाला ज्याने मारलं तो याच देशात राहू नये असं वाटणारे आई-बाप आहेत, आणि त्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याला जवळ घेऊन क्षमा करणारे आई-बापही आहेत. एकाच संघाच्या स्टँडमध्ये हे दोघे शेजारी बसायचे.

त्या उन्हाळ्यात संघ बंद करायचा का, हा प्रश्न गावापुढे होता. गावाने खेळायचं ठरवलं. जूनमध्ये लास व्हेगासला एनएचएलच्या समारंभात हॉगन यांना मरणोत्तर विली ओ'री समाजसेवा पुरस्कार मिळाला, तो पहिल्यांदाच दिला जात होता. त्यांच्या पत्नीने तो स्वीकारला. ऑगस्टमध्ये सॅस्कटूनचा चँडलर स्टीव्हनसन आपल्या वाट्याच्या दिवशी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेत्यांचा चषक, घेऊन हम्बोल्टला आला. स्टॅन्ली कप जिंकलेल्या प्रत्येक खेळाडूला तो एक दिवस मिळतो, आणि त्याने तो इथे घालवला. १२ सप्टेंबर २०१८ ला एल्गर पीटरसन अरीनात ब्रॉन्कोज पुन्हा बर्फावर उतरले. समोर निपाविनच. वाचलेल्यांपैकी दोघे त्या हंगामात संघात परतले होते. ब्रॉन्कोज २-१ ने हरले. सामना देशभर दूरदर्शनवर दाखवला गेला आणि त्यात जाहिराती नव्हत्या. त्या हंगामात ते प्लेऑफपर्यंत पोचले आणि पहिल्याच फेरीत एस्टेव्हनने त्यांना सातव्या सामन्यापर्यंत झुंजवून बाहेर काढलं.

मला या सगळ्यात सगळ्यात मोठं वाटतं ते दुसरंच. त्या ऑगस्टमध्ये संघाला पुन्हा बिलेट घरं लागणार होती. एप्रिलमध्ये ज्या घरांतून पोरं गेली होती त्यांतल्या काहींनी पुन्हा दार उघडलं. नवा पोरगा, नवी बॅग, पुन्हा दुधाचे कॅन, पुन्हा रात्री बस निघाली की फोन बघत जागं राहणं. हे धैर्य कुठून आणायचं हे मला सांगता येत नाही. ज्यांना ते झालं नाही त्यांनाही कुणी नावं ठेवली नाहीत.

आज ब्रॉन्कोजची जर्सी घालणारी पोरं २०१८ मध्ये चौथी-पाचवीत होती. पोर्चमधल्या स्टिका त्यांनी आईचा हात धरून पाहिल्या असतील. त्यांना रोज त्या ओझ्याखाली ठेवायचं नाही आणि विसरूही द्यायचं नाही, ही कसरत गावाला करावी लागते. गाव ती बरी करतंय, असं मला स्टँडमधून वाटलं. मागच्या वेळी गेले तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या आजी पंचांना अशा काही बोलत होत्या की माझा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. तिसऱ्या पिरियडमध्ये एका सतरा वर्षांच्या पोराने पहिला गोल केला. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, उचलून त्याच्यासाठी बाजूला ठेवला गेला, आणि त्याची बिलेट बहीण, असेल सहा-सात वर्षांची, काचेवर दोन्ही हात आपटत त्याच्या नावाने ओरडत होती.

कॅनडात या भागात येणं झालं तर शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री हम्बोल्टला सामना बघा. हंगाम सप्टेंबरपासून मार्चपर्यंत असतो. आत रिंकमध्ये थंडी असते, बसायला घोंगडी न्या. आणि दारात कुणी ५०/५० ची कुपनं विकत असेल तर दोन घ्या. अर्धी रक्कम जिंकणाऱ्याला जाते, अर्धी संघाला, आणि फ्लिन फ्लॉनला जायच्या बसला डिझेल पुष्कळ लागतं.